गाणाऱ्या घड्याळाविरुद्ध एक फिर्याद

नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्या घरात कोण कोणाला उठवतो, हे वाचकांनी एकदा आठवून पाहावे. आमच्या घरी आई उठवीत असे. तिला कोण उठवी, हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. उशाशी घड्याळ नव्हते, हातात घड्याळ नव्हते. आणि तरीही चांदण्या मावळायच्या आत बंबात पाणी उकळलेले असे. आता आई नाही, बंबही नाही. आता प्रत्येकाच्या उशाशी काहीतरी ठेवलेले असते आणि ते वेळेवर वाजेल अशा भरवशावर माणूस झोपतो. त्या भरवशाबद्दलच मला चार शब्द लिहायचे आहेत. आणि ते गोड नसल्याबद्दल दिवाळी अंकाच्या वाचकांनी मला क्षमा करावी. फराळाच्या ताटात एखादे कारल्याचे काप चालते.

आमच्या बुटीबोरीत पहाटेला निराळाच अर्थ आहे. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरचे हे गाव. वर्ध्याचा रस्ता येथेच फुटतो आणि रस्त्याला लागून मैलोगणती कारखान्यांची वसाहत पसरली आहे. इंडोरामाचा पॉलिएस्टरचा मोठा कारखाना येथलाच. पॉलिएस्टरचा वितळलेला रस नळ्यांत एकदा थिजला की तो पुन्हा मोकळा करणे महाकठीण. त्यामुळे असले कारखाने मनात आले म्हणून बंद करता येत नाहीत, मग लक्ष्मीपूजन असो की पाडवा. तेव्हा या गावात आणि भोवतालच्या खेड्यांत ‘पहाट’ म्हणजे भूपाळीची वेळ नव्हे. पहिल्या शिफ्टची वेळ. सहाच्या ठोक्याला फाटकाच्या आत असलेला माणूस कामगार, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी आलेला रिकामटेकडा! कायम नोकरीवाल्याचे एक वेळ निभावते. ठेकेदाराच्या माणसाचे निभावत नाही.

माझी फिर्याद ज्या वस्तूविरुद्ध आहे, ती २००९ साली माझ्या भाच्याने अमेरिकेहून आणली. “मामा, कादंबऱ्या लिहिता, रात्री जागता, सकाळी शाळा चुकते. हे घ्या,” असे म्हणून त्याने माझ्यापुढे एक काळे, गुळगुळीत, उशीएवढे घड्याळ ठेवले. पुढे निळे आकडे, दोन्ही बाजूंना कर्णे आणि डोक्यावर एक खाच. त्या खाचेत खिशातली गाण्याची डबी उभी बसवायची. रात्रभर डबीत वीज भरली जाते आणि सकाळी आपण निवडलेल्या गाण्याने आपल्याला जाग येते. सोबत एक विटेसारखा जड ट्रान्सफॉर्मर. आपल्या २३० व्होल्टांचे अमेरिकेचे ११० करण्यासाठी.

सारी गल्ली ते पाहायला आली, हे मी लपवून ठेवीत नाही. मलाही अभिमान वाटला. गाणी ऐकायला ते झकास होते. वेळ मात्र त्यावर कधी बरोबर दिसली नाही. पण त्याचे आम्हांला काही वाटले नाही. वीज गेली की ते बारा वाजवून लुकलुकत बसे आणि आमच्याकडे वीज जातच असे. तेव्हा चूक विजेची, घड्याळाची नव्हे, असा आमचा समज. पुढे भाच्याने दिलेल्या डबीची बॅटरी मेली आणि ते खाचवाले घड्याळ कपाटावर शोभेला जाऊन बसले.

२०१३ साली, दिवाळीच्या आठवडाभर आधी, माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. एका कारखान्यात ठेकेदाराकडे त्याला काम लागले होते आणि पहिलीच शिफ्ट सकाळची होती. मी काय केले? कपाटावरचे ते घड्याळ पुसले, ट्रान्सफॉर्मरसकट पिशवीत घातले आणि मोठ्या औदार्याने त्याला भेट दिले. मला निरुपयोगी झालेली वस्तू गरिबाला देण्यात जे पुण्य असते, ते मी पदरात पाडून घेतले.

तिसऱ्या दिवशी तो दारात उभा. मी विचारले, “वाजलं नाही का रे?”

“वाजलं जी सर. बरोबर साडेचारलेच वाजलं. पण बाहेर पाह्यलं तं उजाडून ऱ्हायलं होतं.”

“मोबाईलचा गजर नव्हता लावला?”

“रोज लावतो ना जी. पण तुमचं घड्याळ होतं, म्हणून त्या दिवशी बंद केला.”

त्याची त्या दिवसाची मजुरी गेली आणि महिन्याचा हजेरीभत्ताही गेला. दिवाळी तोंडावर होती. तो तक्रार करायला आला नव्हता. घड्याळ परत द्यायला आला होता, आणि तेही फडक्यात नीट गुंडाळून. ‘तुमचं घड्याळ होतं, म्हणून’ हे त्याचे शब्द मला अजून ऐकू येतात.

विजेचे माझे ज्ञान मॅट्रिकपुरतेच. तरी मी ते घड्याळ घेऊन सीताबर्डीवरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे गेलो. त्याने ते उघडलेसुद्धा नाही. पाठीवरची पट्टी वाचली आणि हसला. त्याने जे सांगितले ते असे. घरातली वीज सरळ वाहत नाही. ती पुढे-मागे हेलकावे घेते. आपल्याकडे सेकंदाला ५०, अमेरिकेत ६०. विजेवर चालणारी काही घड्याळे स्वतः वेळ मोजतच नाहीत. ती हे हेलकावे मोजतात. साठ झाले की एक सेकंद, एवढेच त्यांना ठाऊक! ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हेलकाव्यांची संख्या बदलत नाही. तेव्हा अमेरिकेसाठी केलेले असले घड्याळ आपल्याकडे दर तासाला दहा मिनिटे मागे पडणार. बिघाड काहीच नाही; ते जन्मभर असेच चालणार.

दुसऱ्या दिवशी मी हे गणित आठवीच्या वर्गात घातले. रात्री दहाला लावलेले घड्याळ साडेचार दाखवील, तेव्हा खरे किती वाजलेले असतील? साडेसहा तास म्हणजे ३९० मिनिटे. त्यांची सहा-पंचमांश पट ४६८. म्हणजे सात तास अठ्ठेचाळीस मिनिटे. उत्तर, सकाळचे पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. त्या मुलाला सायकलीने दहा किलोमीटर जायचे होते आणि फाटक सहाला बंद होणार होते.

आता कोणी म्हणेल, मास्तर, परदेशी वस्तू तपासून न घेता दुसऱ्याच्या गळ्यात मारलीत, चूक तुमची. चूक माझीच. परंतु ती कबूल करूनही माझी फिर्याद उरतेच. घड्याळ नावाच्या वस्तूकडून माणूस एकच अपेक्षा करतो: तिने आपल्या पायांवर उभे राहावे. सगळे झोपलेले असताना एकट्याने जागे राहणे, हाच तिचा धर्म. आणि हे गाणारे घड्याळ? त्याला वेळ सांगायला वीजमंडळाची वीज हवी, तीही ठरावीक देशातली. आणि गाणे म्हणायला दुसऱ्याची डबी हवी, तीही ठरावीक खाचेची. याला घड्याळ म्हणायचे की आश्रित?

अमेरिका-हिंदुस्थानचा घोळ सोडून द्या. ज्या मुलखात ही घड्याळे नियमाप्रमाणे चालतात, तेथे काय झाले पाहा. २०१८ च्या जानेवारीपासून मार्चच्या आरंभापर्यंत युरोपातल्या पंचवीस देशांत विजेवर वेळ मोजणारी घड्याळे हळूहळू मागे पडत गेली आणि अखेर जवळजवळ सहा मिनिटे मागे पडली. कारण काय, तर कोसोव्हो आणि सर्बिया यांच्यात विजेवरून तंटा झाला, जाळ्यात पुरेशी वीज घातली गेली नाही आणि साऱ्या खंडाचे हेलकावे मंदावले. बाल्कनमध्ये भांडण आणि उशीर कोणाला? जर्मनीतल्या चूल-घड्याळाला! दुसऱ्याच्या नाडीवर बोट ठेवून आपली वेळ सांगणाऱ्याचे आणखी काय व्हायचे?

खाचेची कथा तर याहून नामी आहे. ॲपल कंपनीने आयपॉड नावाची गाण्याची डबी बाजारात आणली ती २००१ साली. २००३ साली तिच्या बुडाला तीस टोकांची एक चपटी खाच आली आणि मग त्या खाचेत बसणाऱ्या घड्याळांचे पेव फुटले. अमेरिकेतल्या कित्येक हॉटेलांनी तर खोलीखोलीत असली घड्याळे मांडली. २०१२ च्या सप्टेंबरात कंपनीने नवी, बारीक खाच आणली. झाले! कर्णे शाबूत, आकडे शाबूत, गजर शाबूत. पण डोक्यावरची जागा कायमची रिकामी. सून घरात आली आणि उंबरठाच दुसरीकडे गेला, असा प्रकार. २०२२ च्या मे महिन्यात आयपॉडचे उत्पादनच थांबले. २०२३ साली फोनला तिसरी खाच आली, तीही युरोपने सर्वांना एकच खाच हवी असा कायदा केल्यावर. वीस वर्षांत तीन तोंडे! तुलनेला आपला पेन्सिल सेल घ्या. १९४७ साली त्याचे माप ठरले. तेव्हापासून त्याने ना उंची वाढवली ना कंबर. खेड्यातल्या पानठेल्यावर मिळणारा सेल मुंबईच्या दुकानातल्या घड्याळात बसतो, आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही.

गाण्याने जाग येण्याच्या सुखाविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण या वस्तूचे सारे वकील तोच मुद्दा पुढे करतात. कर्कश घंटेपेक्षा आवडते गाणे बरे नव्हे काय? ज्याने महिनाभर एकाच गाण्याने उठून पाहिले आहे, त्याला मी हा प्रश्न विचारतो. पंधराव्या दिवशी ते गाणे लग्नाच्या मांडवात लागले तरी माणूस दचकतो आणि चप्पल शोधू लागतो. भूपाळीची गोष्ट वेगळी होती. ती आपण निवडलेली नसे आणि एकट्यासाठी नसे. स्वयंपाकघरातून किंवा शेजारच्या आकाशवाणीवरून ती साऱ्यांवर सारखीच येई. आवडत्या वस्तूला चाबूक करू नये. घंटेला घंटाच राहू द्यावी. तिचा राग आला तर तिचे काही बिघडत नाही.

“आता ही घड्याळे कोण वापरतो? सगळे फोनवर उठतात,” असे माझा भाचा परवा म्हणाला. म्हणजे आश्रिताला हाकलले आणि त्याच्या यजमानाला उशाशी घेतले! २०११ च्या पहिल्या दोन दिवसांत जगभरच्या कित्येक आयफोनांचे एकवेळचे गजर वाजलेच नाहीत; आतल्या हिशेबात चूक होती आणि तीन तारखेला ती आपोआप सुटली. नववर्षाची रजा होती म्हणून हसण्यावारी गेले. पण त्या दोन दिवशीही कोठे ना कोठे पहिली शिफ्ट असणारच. फोन वाईट आहे, असे मी म्हणत नाही. पण ज्याची मजुरी पाच मिनिटांवर टांगलेली आहे, त्याने एकाच वस्तूवर झोपू नये. आणि आपण मास्तर, काका, मामा, ज्यांच्या शब्दावर तो आपला दुसरा गजर बंद करतो, त्यांनी तर त्याला असे झोपवूच नये.

मी जुन्या काळाची आरती ओवाळायला बसलो आहे, असे कोणी समजू नये. दोन चाव्यांचे गजराचे घड्याळ मला प्रिय असले, तरी रोज चावी देण्याचा कंटाळा मलाही होता. मी ज्याच्या बाजूने उभा आहे ती वस्तू नवीच आहे. मोरबीच्या ओधवजी पटेलांनी, जे माझ्यासारखेच शाळामास्तर होते, १९७१ साली भागीदारांबरोबर अजंता घड्याळांचा कारखाना सुरू केला. आणि पुढे त्यांची क्वार्ट्झ घड्याळे घरोघरी गेली. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीचा एक तुकडा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि नागपुरात थरथरतो तितकाच न्यूयॉर्कात. एका पेन्सिल सेलवर वर्ष-वर्ष काढतो. तंटा झाला, वीज गेली, खाच बदलली, याला पत्ता नाही. असले गजराचे घड्याळ अडीचशे रुपयांच्या आत मिळते. दाखवून मिरवण्यासारखे त्यात काही नाही, आणि म्हणूनच कोणी ते भेट देत नाही.

सरकारने २०२२ साली वस्तू दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी समिती नेमली, ग्राहकांसाठी त्या नावाचे संकेतस्थळही काढले. ठीक आहे. माझी मागणी त्याहून लहान आहे. घड्याळाच्या खोक्यावर किमतीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दोन ओळी छापा: वीज गेली तर हे किती तास चालेल, आणि याला दुसरी कोणती वस्तू जोडावी लागेल. या दोन ओळी वाचून मग ज्याला निळ्या आकड्यांची हौस आहे त्याने ती खुशाल पुरवावी.

त्या मुलाला मी सीताबर्डीवरूनच सेलचे एक घड्याळ आणून दिले. त्याचा बुडालेला भत्ता भरून द्यावा म्हणून पाकीट पुढे केले, तेव्हा त्याने हात मागे घेतला आणि “राहू द्या जी सर” म्हणून तो खाली बघत राहिला. घड्याळ तेवढे घेतले. आता तो दुसऱ्या कारखान्यात कायम आहे आणि त्याची मुलगी आमच्याच शाळेत येते.

गाणारे घड्याळ मी शाळेच्या प्रयोगाच्या टेबलावर ठेवले आहे. बॉक्साईट आणि बेडकाच्या बरणीशेजारी. चाळीस मिनिटांच्या तासाला ते तेहतीस मिनिटे वीस सेकंद दाखवते. गणिताच्या तासाला मुले घंटेकडे कान लावतात. पण चित्रकलेच्या तासाला ‘त्याच घड्याळाने चालू द्या’ म्हणून सगळी एका सुरात ओरडतात.