पारख करण्याचा हक्क

वेश्याव्यवसायावर चर्चा सुरू झाली की दोन प्रश्न हमखास येतात. बाई या धंद्यात आली कशी आणि तिला बाहेर कसे काढायचे? आज रात्री ती सुखरूप घरी कशी पोचणार, हे मात्र कुणी विचारत नाही. त्याचे उत्तर त्या बायकांनी स्वतःच शोधले आहे. अनोळखी माणसासोबत खोलीत जाण्यापूर्वी त्याची नीट पारख करायची, हे ते उत्तर. संताप याचा येतो की, त्यांच्या रक्षणाची भाषा करणाऱ्या कायद्यांनी नेमकी हीच पारख अवघड करून ठेवली आहे.

कॅनडाचे उदाहरण घेऊ, कारण हा वाद तिथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि सगळे कागदावर आले. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एस्कॉर्ट बायका नव्या गिऱ्हाइकाला थेट पत्ता देत नाहीत. आधी फोनवर बोलतात, नंबर लपवून आलेला फोन घेत नाहीत. खरे नाव किंवा कामाचे ठिकाण विचारतात. पूर्वी ज्यांना भेटलात अशा एक-दोघींची नावे सांगा म्हणतात आणि त्यांच्याकडे खातरजमा करतात. काही जणी आगाऊ रक्कम घेतात, काही जणी पहिली भेट कॉफीच्या दुकानात ठेवतात. माणूस प्यायलेला आहे का, घासाघीस करताना आवाज चढवतो का, कंडोमचा विषय टाळतो का, हे चार वाक्यांत कळते. निघताना मैत्रिणीला जागा आणि वेळ सांगायची. ठरल्या वेळी फोन आला नाही, तर तिने चौकशी करायची. मारहाण करणाऱ्यांची आणि पैसे बुडवणाऱ्यांची वर्णने, गाड्यांचे नंबर ‘बॅड डेट’ यादीतून एकमेकींपर्यंत पोचतात.

यात गुप्ततेचे काय? भीती दोन्ही बाजूंना असते. त्याला घर, नोकरी आणि अब्रू सांभाळायची असते. तिलाही मुलांची शाळा, घरमालक आणि शेजारी असतात. म्हणून व्यवहाराचे काही अलिखित नियम तयार झाले आहेत. ओळखपत्र दाखवा, पण त्यावरचा क्रमांक झाकला तरी चालेल. खात्री पटली की फोटो पुसून टाकायचा. एका बाईने दुसरीला गिऱ्हाइकाविषयी सांगायचे ते एवढेच की, माणूस नीट वागतो आणि नाही म्हटले की ऐकतो. त्याचे घर कुठे, बायको कोण, याची वाच्यता करायची नाही. नाव फिरते ते फक्त हात उचलणाऱ्याचे. बँक कर्ज देताना आपल्याकडून याहून कितीतरी जास्त माहिती घेते आणि इतकी जपून ठेवतही नाही.

आता कायद्याने काय केले ते पाहा. कॅनडात शरीरविक्रय स्वतः गुन्हा नव्हता, पण त्याभोवतीच्या तीन गोष्टी गुन्हा होत्या. त्यासाठी जागा चालवणे, त्या कमाईवर जगणे आणि सार्वजनिक ठिकाणी त्याविषयी बोलणे. म्हणजे स्वतःच्या, माहितीतल्या खोलीत गिऱ्हाईक आणले तर गुन्हा. चालक किंवा राखणदार पगारावर ठेवला तर तो गुन्हेगार. रस्त्यावर गाडीत बसण्याआधी दोन मिनिटे बोलून माणूस जोखला तर तोही गुन्हा. पारखीची एकेक पायरी घ्या, तिच्यावर एकेक कलम बसवलेले सापडेल.

याची किंमत व्हँकुव्हरच्या डाउनटाउन ईस्टसाइड वस्तीने मोजली. तिथून वर्षानुवर्षे बायका नाहीशा होत होत्या. त्यात आदिवासी बायकांची संख्या मोठी होती. त्या वस्तीतल्या बायकांसाठी ‘ग्रँडमाज हाउस’ नावाचे सुरक्षित घर सुरू झाले होते. चालवणाऱ्यांवर कुंटणखान्याच्या कलमाखाली खटला आला आणि ते बंद पडले. रॉबर्ट पिक्टन या डुकरे पाळणाऱ्या माणसाच्या तावडीतून एक बाई १९९७ साली जखमी अवस्थेत निसटली होती. त्याच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला आणि १९९८ च्या जानेवारीत तो खटला थांबवण्यात आला. पिक्टनला अटक व्हायला २००२ साल उजाडले. त्याच्या फार्मवर ३३ बायकांचे डीएनए सापडले. सहा खुनांसाठी २००७ मध्ये त्याला शिक्षा झाली. एक बाई जिवावर बेतून सांगत होती, तेव्हा तिचा शब्द व्यवस्थेला पुरेसा वाटला नाही.

२० डिसेंबर २०१३ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने टेरी-जीन बेडफर्ड आणि आणखी दोघींच्या याचिकेवर एकमताने निकाल दिला आणि ही तिन्ही कलमे रद्द केली. ज्या काळात खुनी मोकाट फिरत असल्याचा संशय होता, त्या काळात बायकांना सुरक्षित घरापासून तोडणारा कायदा स्वतःचा हेतूच विसरला आहे, असा मुख्य न्यायाधीश बेव्हर्ली मॅकलॅकलिन यांच्या निकालपत्राचा आशय होता. समोरासमोर बोलून माणूस नशेत आहे का, हिंसक आहे का, हे ताडणे हे सुरक्षेचे साधन आहे, हेही न्यायालयाने मान्य केले.

सरकारने मात्र २०१४ च्या डिसेंबरमध्ये नवा कायदा आणला. आता विकणारी सुटली, विकत घेणारा गुन्हेगार झाला. राखणदार ठेवायला थोडी सूट मिळाली. ऐकायला हे न्याय्य वाटते. व्यवहारात काय होते? अटकेला घाबरणारा माणूस खरे नाव सांगत नाही, कामाचे ठिकाण सांगत नाही, नंबर लपवतो. बाईने आग्रह धरला तर तो दुसरीकडे जातो. पैशांची नड असलेली बाई मग आग्रह सोडते. शिवाय ज्याला खरोखर इजा करायची आहे, त्याला नाव लपवायला आता एक सभ्य कारण मिळाले. ओंटारिओतील एका न्यायालयाने २०२३ मध्ये हा कायदा वैध ठरवला. तो वैध असेलही, पण अंधाऱ्या गाडीत बसणाऱ्या बाईला त्या वैधतेचा उपयोग काय?

यावर ठरलेला आक्षेप येतो. या बायका मर्जीने आलेल्याच नसतात, त्यांची पिळवणूक होते, मग सोयी कसल्या करता? तस्करी आहे, ती भयंकर आहे आणि तिला कठोर शिक्षा हवीच. पण डांबून ठेवलेल्या मुलीला गिऱ्हाईक नाकारताच येत नाही. नाकारता येणे हीच तर मर्जी आणि जबरदस्ती यांतली रेघ आहे. ती रेघ ठळक करायची की पुसायची? कोलकात्याच्या सोनागाछीत ‘दुर्बार’ संघटनेने १९९७ पासून स्वनियमन मंडळे चालवली. नवी आलेली मुलगी अल्पवयीन आहे का, बळजबरीने आणली आहे का, हे तिथल्या बायकाच तपासतात. ज्यांना गुन्हेगार समजले जाते, त्याच इथे पहारा देत आहेत.

न्यूझीलंडने वेगळी वाट धरली. तिथल्या संसदेने जून २००३ मध्ये हा व्यवसाय गुन्ह्याच्या चौकटीतून बाहेर काढला. बाजूने ६०, विरोधात ५९. एक सदस्य तटस्थ राहिले. ते होते अश्रफ चौधरी, त्या संसदेतील एकमेव मुस्लिम खासदार. त्यांनी विरोधात मत दिले असते, तर विधेयक पडले असते. त्यांच्या मनात काय होते यावर मी तर्क करणार नाही. पण एखादे कृत्य पाप मानणे वेगळे आणि ते करणाऱ्या बाईला मारेकऱ्यापुढे निहत्थी उभी करणे वेगळे, एवढा फरक श्रद्धावान माणसालाही करता येतो. त्या कायद्यात गिऱ्हाईक नाकारण्याचा हक्क लिहून ठेवला आहे आणि चार जणींपर्यंत एकत्र काम करायला परवाना लागत नाही. त्यातही खोट आहेच. तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या बायकांना त्याचे संरक्षण नाही.

आणि आपल्याकडे? १९५६ चा ‘पिटा’ कायदा वाचा. दोन बायकांनी परस्परांच्या लाभासाठी एक खोली वापरली की ती खोली कुंटणखाना ठरते. कमाईवर जगणारा कुणीही सज्ञान माणूस गुन्हेगार ठरू शकतो. गिऱ्हाइकाशी बोलायला जावे तर कलम ८ उभे आहे. कॅनडाने जी त्रयी रद्द केली, तिची सख्खी बहीण कामाठीपुऱ्यात आणि बुधवार पेठेत आजही नांदते आहे. वर आपली वर्तमानपत्रे आहेतच. छापा पडला की ‘सेक्स रॅकेट उद्ध्वस्त’ असा मथळा आणि खाली तोंडावर ओढणी घेतलेल्या बायकांचा फोटो. जी गुप्तता तिने जिवापाड जपली, ती एका फोटोत संपते.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात काही निर्देश दिले. हे प्रकरण मुळात १९९९ साली कोलकात्यात झालेल्या एका सेक्स वर्करच्या खुनातून उभे राहिले, हे लक्षात ठेवले पाहिजे. छाप्यात बायकांची ओळख उघड करू नका आणि आरोग्य व सुरक्षेसाठी त्या जे उपाय करतात त्यांना गुन्हा किंवा पुरावा मानू नका, असे त्यात म्हटले आहे. उदाहरण कंडोमचे दिले आहे. मग मैत्रिणीला पाठवलेला पत्ता, मारकुट्या गिऱ्हाइकांची मोबाइलमधली यादी, शेजारच्या खोलीत बसलेली सोबतीण, हे सुरक्षेचे उपाय नाहीत तर काय आहेत?

महाराष्ट्र पोलिसांनी हा अर्थ लेखी परिपत्रकात मान्य करावा. संसदेने ‘दोन बायका म्हणजे कुंटणखाना’ ही व्याख्या बदलावी. सांगलीत ‘व्हॅम्प’च्या झेंड्याखाली संघटित झालेल्या बायकांना बोलावून त्यांचे म्हणणे मसुदा लिहिण्यापूर्वी ऐकावे. हा धंदा असावा की नसावा, हा वाद आपण खुशाल चालू ठेवू. तो मिटेपर्यंत तिला दारातल्या माणसाचे नाव विचारू द्या.