मन दुसरीकडे रमवा म्हणे!

"या वयात असं होतंच. मन दुसरीकडे रमवा." डॉक्टरांनी कागदावरून मान वर न काढता सांगितलं. नऊ वर्षं संधिवात अंगावर वागवतेय. शरीरसंबंधाची इच्छाच उरली नाही, हे तोंडातून काढायला त्यातली सहा गेली, आणि उत्तर मिळालं ते हे! (मावशी, काकू, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. वाचाच.)

कुणी म्हणेल, आता त्यावर गोळी आहे ना! आहे. अमेरिकेत २०१५ साली फ्लिबान्सेरिनला मान्यता मिळाली. पण इच्छा जाण्यामागे दुसरा आजार किंवा औषध असेल, तर ती गोळी त्यासाठी नाही. म्हणजे माझ्यासारखीसाठी नाहीच.

आणि कारण शोधायला लांब कशाला जायला हवं? कूस बदलली की कळ येते, झोप मोडते. कुणी जवळ आलं की दुखेल या धास्तीनं अंग आधीच आखडतं. भरीला, दुखण्यावर देतात त्या ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्याही इच्छा मारू शकतात. मग औषध बदलता येईल का, वेदनाशामक कधी घ्यावं, कसं झोपलं तर सांध्यांवर भार येणार नाही, एवढं तरी बोला! गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे आम्हालाही कळतं. म्हणून तर तुम्हाला विचारतो.

भूक, झोप, पोट साफ होतं का, सगळं विचारता. मग हेच का नाही? नवऱ्याची तक्रार घेऊन मी आले नव्हते. माझं सुख गेलंय, ते मला परत हवंय.

यात लाज कसली?