हिवराला पाणी कोण घालतं?

बीडच्या बसस्थानकाबाहेर कुठल्याही चहाच्या टपरीवर झाडांचा विषय काढून पाहा. मतं ठरलेली आहेत. देशी झाडं लावणं हे पोट भरलेल्यांचं खूळ. देशी झाड वाढायला जन्म जातो. बाभळी-बोरीला काटे, त्या दारात कोण लावणार? आणि थोडं वाचलेला एखादा कोपऱ्यातून म्हणतो, बाहेरून आलेलं प्रत्येक झाड उपटून टाका. मला यातलं एकही मत पटत नाही. पण पहिल्या मताला दुखरी बाजू आहे, म्हणून आधी तेच घेतो.

म्हणणारा म्हणतो, दिवाळी आली की या जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात उसाच्या फडावर जातात. मुकादमाची उचल अंगावर असते. त्या माणसाला तुम्ही अंगणात काय लावायचं ते शिकवणार? त्याचा राग खरा आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला 2019 साली सरकारला समिती नेमावी लागली, ती याच जिल्ह्यातल्या प्रकारांमुळे. इथं बागकामावर लिहिणाऱ्यानं जपूनच लिहावं.

पण हाच मुद्दा जरा पुढे नेऊन पाहू. घराला कुलूप लागतं कार्तिकात आणि उघडतं पाडव्याच्या मागेपुढे. गावात उरतात म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर ठेवलेली पोरं. म्हणजे रोपाला पाणी लागतं नेमकं त्याच महिन्यांत घालणारा गावात नसतो. मग रोज बादली मागणारी बाग परवडते कुणाला? बोअर मारून दारात लॉन आणि अरेका पाम लावणाऱ्याला. त्याचा बोअर आटला तर तो टँकर मागवतो. पोट भरलेल्यांचं खूळ कुठं आहे ते शोधायचंच असेल, तर त्या लॉनवर शोधावं. हिवर, बोर, पळस, लिंब यांचं तसं नाही. एक-दोन उन्हाळे निभावले की ही झाडं कुणापुढे हात पसरत नाहीत. वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तोही लहरी. त्या पावसावर बालाघाटाच्या मुरमात हिवर उभे आहेतच की! त्यांना पाणी घातल्याचं कुणी पाहिलंय? सहा महिने घराबाहेर राहणाऱ्या माणसाला परवडणारी बाग तीच.

हे हिशोब सरकारी मोहिमांनाही कळायला हवे होते. 2016 साली राज्यात दोन कोटी झाडांचा संकल्प झाला, मग चार कोटी, मग तेरा, आणि 2019 साली तेहेतीस कोटी. आकडा दरवेळी लावण्याचा. जुलैत लावलेलं रोप दसऱ्यापर्यंत कुणाचंही जगतं, कारण पाणी पाऊस घालतो. खरी परीक्षा पुढं होते आणि तेव्हा फोटो काढायला कुणी येत नाही. महाशिवरात्रीला जिवंत रोपं मोजून तो आकडा फलकावर लिहायचा नियम केला असता, तर रोपवाटिकांनी आपोआप वेगळी झाडं वाढवली असती.

आता ‘देशी झाड वाढायला जन्म जातो’ हे. वडाला वेळ लागतो हे कबूल. पण शेवगा, पांगारा, बाभूळ, करंज यांना संथ म्हणणाऱ्यानं ती लावून पाहिलेली नाहीत. शिवाय बऱ्याचदा दोष झाडाचा नसतो, पिशवीचा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत वर्षभर अडकलेलं सोटमूळ तळाशी वेटोळं घालतं. ते रोप खड्ड्यात गेलं तरी मूळ सरळ खाली उतरायला तयार नसतं. त्यापेक्षा बी जागेवरच टोकावं. निंबोळी पडल्यावर थोड्याच दिवसांत टोकावी लागते, वाळवून डब्यात ठेवली की तिची उगवण जाते. पळसाचंही बी ताजं बरं. आणि बाभळीचं बी विकत घ्यायचंच नाही. शेळ्या शेंगा खातात, बी टणक असतं, ते त्यांच्या पोटातून मऊ होऊन बाहेर पडतं. वाडग्यातलं लेंडीखत चाळलं की उगवायला तयार बी हाताला लागतं. पहिल्या वर्षी वरून बोटभरच दिसतं म्हणून लोक नाराज होतात, पण ते वर्ष झाडानं मुळासाठी राखून ठेवलेलं असतं.

काट्यांची तक्रार तर मला कळतच नाही. ज्या गावात घरटी शेळी, तिथं झाडाला काटा नको म्हणणं म्हणजे मोंढ्यात पैशाची पिशवी उघडी ठेवून फिरणं. लोखंडी जाळीचं कुंपण झाडापेक्षा महाग पडतं आणि एका रात्रीत भंगारात जातं. बोरीची काटी फुकट मिळते आणि कुणी चोरत नाही. ज्यांना काटे नकोतच, त्यांनी शेळी तोंड लावत नाही अशी झाडं घ्यावीत: तरवड, अडुळसा, निरगुडी. तरवडाचं कुंपण पिवळ्या फुलांनी भरतं तेव्हा डुरांटा त्याच्यापुढे फिका वाटतो, आणि वर कात्रीही लागत नाही. शेतकऱ्याचा एक आक्षेप मात्र मान्य केला पाहिजे. बाभळीच्या सावलीत पीक दबतं. बांधालगतच्या ओळी मार खातात. पण सरपण, डिंक, औताचं लाकूड, शेळीच्या शेंगा हे सगळं मांडून मग तोटा काढावा. नुसत्या दबलेल्या ओळी मोजून बाभळीला कुऱ्हाड लावणं हा अर्धाच हिशोब झाला.

उरले शुद्धतावादी. त्यांना मी धारूरला नाहीतर अंबाजोगाईला न्यावं म्हणतो. ज्या सीताफळाला 2016 साली बीडच्या नावानं भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं मूळ अमेरिका खंडातलं. चिंच आफ्रिकेतली. उपटता का? सीताफळ डोंगरउतारावर बिनपाण्याचं वाढतं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत, आणि आश्विन-कार्तिकात, टोळ्या निघायच्या तोंडावर, गरिबाच्या हातात चार पैसे पडतात. वेडी बाभूळही बाहेरचीच, पण ती ओढे आणि पडीक रानं गिळत सुटते, दुसऱ्याला उगवू देत नाही. या दोघांना एकाच यादीत टाकणारा माणूस झाडाकडे बघत नाही, त्याच्या जन्मगावाकडे बघतो. माझी फूटपट्टी साधी आहे: इथल्या पावसावर जगतं का, आणि जगताना शेजाऱ्याला जगू देतं का? या कसोटीला बहुतेक देशी झाडं उतरतात, बाहेरची मोजकीच, म्हणून मी देशी झाडांच्या बाजूचा.

बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकारानं वनविभागाच्या जागेत सह्याद्री देवराई उभी राहिली. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथं वृक्ष संमेलन भरलं आणि अध्यक्षपदी वडाचं झाड होतं. तेव्हा पुष्कळ लोक हसले. नटाची हौस म्हणाले. हसावं, संमेलनं असतातच हसण्यासारखी. पण पुढे त्याच देवराईला आग लागली तेव्हा कळलं की उघड्या डोंगरावर झाड जगवायचं तर वाळलेलं गवत कापणं, जाळरेषा काढणं, उन्हाळाभर राखण करणं हे सगळं करायलाच लागतं. त्याला हौस पुरत नाही. ती मजुरी आहे आणि मजुरीसारखेच तिचे पैसे मिळायला हवेत.

रोजगार हमीत तशी सोय आहेसुद्धा. ‘बिहार पॅटर्न’ म्हणतात त्या पद्धतीत कुटुंबांना रोपं सांभाळायला देतात आणि जगलेल्या झाडांच्या प्रमाणात मजुरी ठरते. फडावर न जाता गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना, उचल न घेता यंदा घरी थांबू म्हणणाऱ्या एखाद्या जोडप्याला हे काम कार्तिक ते ज्येष्ठ मिळालं, आणि पैसे वेळेवर मिळाले, तर माझ्यासारख्याला लेख लिहायची गरज पडणार नाही. अडतं ते त्या ‘वेळेवर’पाशी. मुकादमाची उचल आधी हातात पडते, सरकारची मजुरी नंतर. तोवर माणूस फडावर गेलेला असतो.