सामाईक बॅटीची निगा

पुष्कळ माणसांच्या घरांत एखादी वस्तु सर्वांची झाली कीं तिची काळजी कोणीच वाहत नाहीं. मुलांची क्रिकेटची बॅट ही अशा वस्तूंत अग्रगण्य होय. खेळावयास पांच हात पुढें होतात. खेळ संपला कीं ती ओल्या अंगणांत पडून राहते. पुढें ती दुभंगली म्हणजे दोष दुकानदाराच्या माथीं मारला जातो. आमच्या मतें बॅट खेळानें जितकी मोडते, त्याहून अधिक हेळसांडीनें मोडते.

तिचें लांकूड कसें आहे हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. फळी विलो वृक्षाची असते. हा आपल्या वाळुंजाच्या कुळांतला वृक्ष. इंग्लंडांत बॅटींसाठीं त्याची मुद्दाम लागवड करतात; आपल्याकडे काश्मीरांत अनंतनाग जिल्ह्यांतील संगम व बिजबेहरा या ठिकाणीं काश्मिरी विलोच्या बॅटी होतात. हें लांकूड हलकें व मऊ असतें. त्याचे तंतु दाबून घट्ट झाल्यावांचून कठीण चेंडूचा आघात तें सोशीत नाहीं. कारखान्यांत फळी दाबलेली असते खरी, पण तेवढ्यानें भागत नाहीं. बॅट आणून त्याच सायंकाळीं नव्या चामडी चेंडूनें खेळणें म्हणजे कच्च्या मडक्यांत पाणी भरणें होय.

प्रथम तेल द्यावें. तें जवसाचें कच्चें तेल असावें. रंगकामासाठीं उकळलेलें नको. चहाच्या चमच्याएवढें तेल फडक्यावर घेऊन फळीचा दर्शनी भाग, कडा व खालचें टोक यांना चोळावें आणि बॅट रात्रभर आडवी ठेवावी. उभी ठेवल्यास तेल ओघळून टोकाशीं साचतें. असें दोन-तीनदां पुरे. वेताचा दांडा फळींत जेथें बसविलेला असतो, त्या सांध्यास तेल लागूं देऊं नये. तेथला चिकटा सुटतो. फळीवर पारदर्शक आवरण चिकटविलेलें असल्यास त्यावर तेल चोळणें व्यर्थ.

नंतर लांकडी हातोडीनें किंवा मोज्यांत बांधलेल्या जुन्या चेंडूनें फळी ठोकावी. आरंभीं हलके, मग जोर वाढवीत. कडांवर ठोके तिरपे द्यावे, टोकाच्या तळावर सरळ ठोका देऊं नये. सन २०१७ च्या नियमानें कड ४० मिलिमीटरपर्यंत जाड चालते. परंतु न ठोकलेली जाड कडहि चिरतेच. हें काम चार-सहा तासांचें आहे, म्हणून तें रोज थोडें थोडें करावें. शेवटीं जुन्या चेंडूवर हलके फटके मारून पाहावे. फळींत खोल ठसे उमटले तर पुन्हां ठोकावें.

पुढें दोन शत्रु सांभाळावयाचे: ओल आणि उष्णता. ओल्या जमिनीवर टेकलेलें टोक पाणी शोषून फुगतें. उन्हांत किंवा चुलीवरच्या माळ्यावर फळी सुकून ठिसूळ होते. वारंवार तेल पाजणें हाहि उपाय नव्हे. तशानें बॅट जड व निर्जीव होते. मोसम संपल्यावर बारीक पॉलिशकागदानें मळ काढून तेलाचा एक पातळ हात द्यावा आणि बॅट कोरड्या, थंड जागीं ठेवावी.

हल्लीं दुकानांत पैसे टाकले कीं यंत्रानें ठोकलेली बॅट मिळते. तरीहि आमची वडील मंडळींस सूचना आहे कीं निदान पहिली बॅट घरांतील मुलांनींच वांटून घेऊन ठोकावी: आज थोरल्यानें अर्धा तास, उद्यां धाकट्यानें. ज्याचा हात ठोकून ठोकून दुखला आहे, त्याला ती पावसांत टाकून घरांत येववणार नाहीं. आणि दुसऱ्यानें टाकली तर तोच ती उचलून आणील. मग ती सर्वांची असूनहि प्रत्येकाची होईल.