पाच टक्क्यांचं पाठांतर

विश्वाबद्दलचा कुठलाही लेख उघडा, एक वाक्य हमखास सापडतं: आपल्याला ठाऊक असलेलं द्रव्य म्हणजे विश्वाचा फक्त ५ टक्के भाग, बाकी सगळं 'डार्क'. झालं! टाळ्या, लेख संपला. माझं भांडण आहे ते या टाळ्यांशी.

आकडा बरोबर आहे. पण ती अख्ख्या विश्वाची सरासरी. सरासरी चार फूट खोल नदीतही माणूस बुडतोच की!

१९३३ साली झ्विकीने कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. दिसणाऱ्या द्रव्याला त्या आवरणंच शक्य नव्हतं. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांना दीर्घिकांच्या कडेचे तारेही असेच सुसाट दिसले. उत्तर ठरलं: न दिसणारं वस्तुमान, डार्क मॅटर.

ठीक. म्हणजे मालक डार्क मॅटर, साधं द्रव्य नोकर. मग २०१६ मध्ये मॅकगॉ, लेली आणि शोंबर्ट यांनी १५३ दीर्घिका तपासल्या, तेव्हा नुसते तारे आणि वायू मोजून एकूण ओढ किती ते जवळजवळ अचूक सांगता आलं. लहान असो, मोठी असो, वक्ररेषा एकच. नोकराचा खिसा चाचपून मालकाची मिळकत कळावी, तसं! डार्क मॅटर नाहीच, अतिमंद त्वरणाला न्यूटनचा नियम बदलतो, असं म्हणणाऱ्या मिलग्रोमच्या १९८३ च्या सूत्रातून नेमकं हेच निघतं.

मग मिलग्रोम जिंकला? थांबा. समूहांमध्ये बहुतेक साधं द्रव्य दीर्घिकांत नसतंच, ते मधल्या तप्त वायूत असतं. तो सगळा वायू धरूनही त्याचं सूत्र साधारण दुपटीने कमी पडतं. आणि 'बुलेट' समूहात (२००६) टक्करीनंतर वायू मागे रेंगाळला, वस्तुमान मात्र दीर्घिकांबरोबर पुढे निघून गेलेलं सापडलं.

म्हणजे एक पक्ष दीर्घिका दाखवतो आणि समूहांवर गप्प बसतो. दुसरा समूह दाखवतो आणि दीर्घिकांना 'तपशील' म्हणतो. दीर्घिका घडताना हे आपोआप जुळतं, असं सिम्युलेशनवाले सांगतात. पण ताऱ्यांच्या स्फोटांचा जोर किती धरायचा, ती खुंटी त्यांच्याच हातात! आमच्या धंद्यात एका चाचणीत पास आणि दुसरीत नापास झालेला नमुना कोणी बाजारात पाठवत नाही.

माझं मत? पारडं डार्क मॅटरकडे झुकतंय. पण ती एकच वक्ररेषा का, हे पटेल असं सांगेपर्यंत निकाल लागला म्हणणं हा उद्धटपणा आहे.

असो. घरातल्या पोराला ५ टक्के जरूर सांगा. पण लगेच त्या १५३ दीर्घिकाही सांगा. प्रश्न तिथे सुरू होतो.