दिव्यांगत्वाची टक्केवारी बदलते तेव्हा

बनावट दिव्यांग प्रमाणपत्रांची प्रकरणे उघडकीस आल्यापासून राज्यात प्रमाणपत्रांच्या फेरतपासणीची चर्चा सुरू आहे. खोटी प्रमाणपत्रे शोधलीच पाहिजेत. पण या गदारोळात एक वर्ग नजरेआड होतो. त्यांचे प्रमाणपत्र खरे आहे, मात्र ते मिळाल्यानंतर त्यांची तब्येत आणखी ढासळली आहे. कागदावर ३५ टक्के आणि प्रत्यक्षात भिंतीला धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, अशी त्यांची स्थिती असते.

हा फरक किरकोळ नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार ४० टक्के ही महत्त्वाची पायरी आहे. सरकारी नोकरीतील ४ टक्के आणि उच्च शिक्षणातील ५ टक्के आरक्षण तिथून सुरू होते. संजय गांधी निराधार योजनेतही दिव्यांगांसाठी हीच अट आहे. केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनासाठी तर ८० टक्के लागतात. म्हणजे चार-पाच टक्क्यांवर घरातला किराणा अवलंबून असू शकतो.

प्रमाणपत्रावरील आकडा तपासणीच्या दिवसापुरता खरा असतो. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे आजार कायद्याच्या २१ प्रकारांत आहेत आणि ते वाढत जाणारे आहेत. मधुमेहात आज पायाचे बोट काढावे लागते, काही वर्षांनी गुडघ्याखालचा पाय.

अशा वेळी बहुतेक जण ‘अपील’ करायला धावतात आणि तिथेच वेळ जातो. कारण वाटा दोन आहेत. तपासणीच्या दिवशीच टक्केवारी चुकीची ठरवली गेली, असे म्हणणे असेल तर कायद्याच्या कलम ५९ नुसार राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे ठरलेल्या मुदतीत दाद मागायची. त्या दिवशीचा निर्णय बरोबर होता, पण प्रकृती नंतर बिघडली, असे असेल तर फेरमूल्यांकनासाठी अर्ज करायचा. नव्या बिघाडाचे कागद जुन्या निर्णयाच्या अपिलात फारसे कामाला येत नाहीत. प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ लिहिले आहे म्हणून टक्केवारी बदलू शकत नाही, हाही गैरसमज आहे. पुढे बदल संभवत नाही, असे त्या वेळी डॉक्टरांना वाटले, एवढाच त्याचा अर्थ.

अर्जासोबत काय न्यावे? मूल्यमापन आजाराच्या नावाचे होत नाही, आजाराने काय हिरावले याचे होते. म्हणून एमआरआयच्या फाइलइतकेच महत्त्व ‘जिना चढता येत नाही, शर्टाची बटणे लावता येत नाहीत, तीन महिन्यांत चार वेळा पडले’ अशा नोंदींना आहे. या गोष्टी प्रत्येक ओपीडी भेटीत डॉक्टरांना सांगून केसपेपरवर तारखेसह लिहून घ्याव्यात. जुने प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड आणि फिजिओथेरपीच्या नोंदी तारखेनुसार लावल्या, तर बिघाडाचा उतार तपासणाऱ्यांना चटकन दिसतो.

दोन प्रकारचे दिव्यांगत्व असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, हेही माहीत असावे. सूत्रानुसार ४० आणि ३० मिळून ७० होत नाहीत, साधारण ५७ होतात. हे ठाऊक नसल्याने अनेकांना अन्याय झाल्यासारखे वाटते. शिवाय फेरमूल्यांकनात टक्केवारी वाढेलच असे नाही. उपचारांनी सुधारणा झाली असेल तर ती घटूही शकते. अर्ज करण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी याबद्दल मोकळेपणाने बोलावे.

जबाबदारी एकट्या रुग्णाची मात्र नाही. प्रमाणपत्र नाकारल्यास लेखी कारण देणे नियमानेच बंधनकारक आहे. टक्केवारी कशी ठरली, हेही दोन ओळींत सांगितले तर निम्मी अपिले होणारच नाहीत. वाढत्या आजारांत मुदतीचे प्रमाणपत्र देऊन पुढील तपासणीची तारीख त्यावरच लिहावी. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे नियमित व्हावीत. ज्याला चालता येत नाही, त्यालाच ते सिद्ध करण्यासाठी जिल्ह्याच्या गावी चार खेपा घालाव्या लागणे योग्य नाही. फेरतपासणीचा जो उत्साह खोटे शोधण्यासाठी दिसतो, तो या खऱ्या रुग्णांच्या वाट्यालाही यायला हवा.