कौशल्य संशोधनाबाहेरचं नाही

‘काम अस्सल असेल तर वाट आपोआप सापडते, लेखन, अनुदान-अर्ज अशा कौशल्यांच्या वर्गांत बसणं म्हणजे वेळेची नासाडी.’ बंगळूरच्या संशोधनवर्तुळात हे मत जाणत्या माणसांकडून ऐकू येतं. बनशंकरीत खोली घेऊन राहणारी, मेट्रोच्या ग्रीन लाइनने यशवंतपूरकडच्या प्रयोगशाळा गाठणारी आपली मराठी मुलंही ते खरं मानून चालतात. मला ते साफ चुकीचं वाटतं.

या मताचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी. १९३३ साली इथल्याच भारतीय विज्ञान संस्थेत तेव्हाचे संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, वर्षभर परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर आत शिरल्या आणि १९३९ मध्ये केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. त्यांना कुणी धडे दिले होते, असा सवाल केला जातो. पण पुढची हकीकत सांगायची राहते. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत पालटलं आणि मुलींना संस्थेत प्रवेश मिळू लागला. मागून येणाऱ्यांना तोच लढा पुन्हा द्यावा लागला नाही, कारण संस्था बदलली. त्याआधी दारातून परत गेलेली कुणी असेल, तर तिचं नाव आज कुणाला ठाऊक आहे? एकीच्या असामान्य जिद्दीवरून सगळ्यांसाठी नियम काढणं हा अन्याय आहे.

‘आधी संशोधन, मग लेखन’ हा दुसरा आक्षेप. लिहायला बसल्यावरच कुठला प्रयोग राहिला ते कळतं, हे प्रत्येक संशोधक जाणतो. वर्षभराने दुसऱ्याला उलगडतील अशा नोंदी ठेवणं, परीक्षकाच्या आक्षेपाला मुद्देसूद उत्तर देणं, अनुदानाच्या अर्जात यंत्रासोबत त्याच्या दुरुस्तीचा खर्च धरणं, यातलं संशोधनाबाहेरचं काय आहे? जेआरएफ म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप ही शिष्यवृत्ती पाच वर्षांची, पीएचडीची मुदत सहा. पहिला शोधनिबंध चौथ्या वर्षी लिहायला शिकणाऱ्याचं शेवटचं वर्ष घरच्यांच्या पैशावर जातं. घरी पैसा नसला तर तो संशोधनच सोडतो.

सुट्टीच्या दिवशी सभागृहात बसवून प्रमाणपत्रं वाटणाऱ्या शिबिरांवरची टीका मात्र मला मान्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये संशोधननीतीचा तीस तासांचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. २०२२च्या नियमांत अध्यापन-लेखनाचं प्रशिक्षणही आलं. दोन्ही पावलं योग्यच. पण तासांनी हात बसत नाही. मार्गदर्शकाने स्वतःचा नाकारला गेलेला अर्ज विद्यार्थ्यासमोर उघडावा, परीक्षणाला आलेला निबंध संपादकाच्या परवानगीने दोघांनी मिळून तपासावा, आणि प्राध्यापकीपलीकडच्या वाटांबद्दल, म्हणजे उद्योग, पेटंट, विज्ञानलेखन यांबद्दल, पहिल्या वर्षापासून मोकळेपणी बोलावं. हे सगळं कामाच्या वेळेत व्हावं.

त्यासाठी नवी यंत्रणा नको. प्रत्येक सत्रात विद्यार्थी संशोधन सल्लागार समितीपुढे उभा राहतोच. त्याच बैठकीत समितीने मार्गदर्शकालाही विचारावं : या सत्रात विद्यार्थ्याकडून काय लिहून घेतलंत, आणि ते तपासून कधी परत दिलंत?